पाठ तेवढी कोरडी

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या कराडच्या घरात दरवर्षी तीच धांदल. गीझर बसवून दहा वर्षं झाली, तरी त्या एका दिवशी आई तांब्याचा बंबच पेटवते. साडेचारला मागच्या सोप्यात धूर कोंडतो, त्या धुरातच पाट मांडला जातो, वहिनी पेंगत पेंगत पाटाभोवती रांगोळीच्या दोन रेघा ओढते आणि एकेकाला अंथरुणातून उपसून तिथे आणून बसवतात. वाटीतलं तेल कोमट. उटणं दुधात कालवलेलं. कचोरा, वाळा, नागरमोथा यांचा मिळून जो वास येतो तो मला अजूनही कुडकुडण्याचाच वास वाटतो.

गेल्या दिवाळीत निनादचा नंबर लागला तेव्हा मी आंघोळ उरकून, डोकं पुसत, चहाची वाट बघत बसलो होतो. निनाद माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. (नाव बदललंय. तो हे वाचेल न वाचेल, त्याचे मित्र नक्की वाचतील.) नववीत आहे. वर्षभरात चांगला चार बोटं वाढलाय, आवाज बोलता बोलता मधूनच फाटतो, पायात माझ्या मापाची चप्पल येते. तो डोळे चोळत आला आणि पाटावर बसला तो सँडो बनियन अंगात ठेवूनच.

"अरे काढ की ते. तेल काय बनियनला लावू?" वहिनी.

"मी आत लावून घेतो."

"आज आपल्या हातानं लावून घ्यायचं नसतं रे राजा," आई बंबाकडून म्हणाली. मग दादा पेपरमागून, सहज, मान वर न करता म्हणाला, "लाजायला मुलगी आहेस का?" निनाद काही बोलला नाही. त्याने वहिनीच्या हातातली वाटी घेतली, न्हाणीघरात गेला आणि आतून कडी लावली. आमच्या न्हाणीची कडी जुनी, लोखंडी आहे. ती सरकते तेव्हा अख्ख्या घराला ऐकू जातं.

झालं एवढंच. बाहेर कुणीतरी लवंगीची माळ लावली, कुत्री भुंकली, मी दारात चिराटं फोडलं, चहा आला. थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर टी-शर्ट होता, हात कोपरापर्यंत चकाकत होते, कपाळावरून तेलाचा एक ओघळ कानाकडे गेला होता. तो चकली घ्यायला ताटावर वाकला तेव्हा मानेमागे, टी-शर्टाच्या गळ्यातून, खाली जाणारी पाठ दिसली. सुकी, पांढरी, हिवाळ्यात होते तशी. कोनाड्यात ठेवलेल्या वाटीत तेल जवळजवळ तसंच होतं.

पाठीपर्यंत हात पोचत नाही कुणाचा. म्हणून तर दुसऱ्याने लावायचं असतं.

दिवसभर मी इकडे तिकडे फिरलो, फराळाची ताटं पोचवली, पण कानात ती कडी वाजत राहिली. कारण असं, की तो आवाज माझ्या ओळखीचा होता. त्याच न्हाणीत, त्याच कडीमागे मीही दोनेक वर्षं काढली आहेत. माझी तक्रार उलट्या टोकाची होती. मी बारीक होतो. नुसता बारीक नव्हे. आमच्या भागात बारीक मुलाला जितकी नावं आहेत ती सगळी मी कमावली होती. काडीपैलवान. सुका बोंबील. चिपाड. गल्लीतले एक आजोबा मला बघितलं की "पाप्याचं पितर आलं" म्हणायचे, आणि ते प्रेमाने म्हणतात असं घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. वडील म्हणायचे, याच्या अंगावर शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. पाहुणे आले की पहिला प्रश्न, "याला खायला घालता की नाही?" मग आईचं ठरलेलं उत्तर, "खातो हो, पण अंगी लागत नाही." माझ्या देखत, माझ्या अंगाबद्दल, माझ्या डोक्यावरून चाललेलं हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी "तब्येत काय म्हणते?" विचारलं तर माझा हात आपोआप मनगटाकडे जातो. मनगट झाकायला.

1991 सालचा उन्हाळा. कराडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्या एप्रिलमध्ये मी शर्टाच्या आत आणखी एक शर्ट घालून हिंडत होतो. आतला जाड, फ्लॅनेलचा, म्हणजे खांदे जरा भरलेले दिसतील. दुपारी बारा वाजता घामाने दोन्ही शर्ट चिकटायचे आणि मग तर बरगड्या आणखीच मोजता यायच्या. प्रीतिसंगमावर पोरं पोहायला जायची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या घाटावरून पटापट उड्या पडायच्या. मी पायरीवर बसायचो. मला पोहता यायचं, वडिलांनीच शिकवलं होतं. पण मी सर्दीचं कारण सांगून सगळ्यांचे कपडे राखायचो. वर्षभर सर्दी कशी असते याला, असं एकाही पोराला वाटलं नाही, की वाटूनही कुणी बोललं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मराठीत एक फार नेमका शब्दप्रयोग आहे, अंग चोरणे. कामचुकार माणसाला आपण म्हणतो, अंग चोरतो. गर्दीच्या एसटीत बाई अंग चोरून बसते. मी त्या दोन वर्षांत जे करत होतो त्याला दुसरा शब्द नाही. स्वतःचंच अंग, स्वतःच चोरायचं, आणि दिवसभर ते लपवत हिंडायचं.

निनादचं बघा. तो जाड नाही. मला त्या दिवशी नीट आठवायला लागलं तसं लक्षात आलं की गेले काही महिने त्याची एक लकब होती. उभा असला की दोन्ही हातांच्या चिमटीत टी-शर्ट छातीजवळ धरायचा आणि पुढे ओढायचा. सोडायचा. परत ओढायचा. मला वाटायचं उकडतंय. शाळेचं दप्तर पाठीवर न घेता पुढे, पोटाशी धरायचा. मला वाटलं आताची फॅशन असेल. खांदे आत वळवून, पाठीला पोक काढून चालायचा. आई म्हणायची मोबाइलनं पोरांच्या पाठी गेल्या. सगळ्याला आमच्याकडे कारण तयार होतं.

ज्या बनियनमागे तो लपत होता त्याच्या नावाची गंमत मला तेव्हा आठवली. सँडो. दुकानात आपण "नव्वदचा सँडो द्या" म्हणतो तेव्हा हा कोण सँडो, हे कुणाच्या मनात येत नाही. तो खराखुरा माणूस होता. यूजेन सँडो, 1867 साली प्रशियात जन्मलेला पैलवान, पुढे लंडनला स्थायिक झालेला. स्नायू दाखवणं हाच ज्याचा धंदा होता असा बहुधा पहिला मोठा माणूस. नुसती वजनं उचलून दाखवणारे आधीही होते, पण हा काचेच्या पेटीत उभा राहून एकेक स्नायू फुगवून दाखवायचा आणि लोक तिकीट काढून बघायचे. 1901 साली त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली, परीक्षकांत शेरलॉक होम्सवाले कॉनन डॉयल होते. 1904-05 मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करून गेला. माणूस 1925 साली वारला, नाव तेवढं आपल्या गंजीफ्रॉकवर राहिलं. अंग उघडं करून ज्याने पैसा मिळवला त्याच्या नावाच्या कपड्यात चौदा वर्षांचा मुलगा अंग झाकून बसतो.

मला बारावीच्या आधी वर्षभर वडिलांनी तालमीत घातलं होतं. तालमीबद्दल हल्ली लोक फार गहिवरून लिहितात, तसं मला लिहायचं नाही. लाल मातीचा, तिच्यात मुरलेल्या तेला-ताकाचा, हळदीचा आणि शंभर पोरांच्या घामाचा वास मला आवडायचा, हे खरं. पण पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी लंगोट लावण्याच्या भीतीने पोट दुखतंय म्हणायचो. मारुतीच्या कोनाड्याशेजारी भिंतीवर भांग पाडण्यापुरता तळहाताएवढा आरसा होता, त्यात एका वेळी एक डोळा आणि अर्धं नाक मावायचं. वस्ताद बोलायला कडक, हाताला त्याहून. त्यांनी मला पहिल्या दिवशी वरून खालपर्यंत बघितलं, दंड चिमटीत धरून दाबला आणि म्हणाले, "हाडं हायती. मांस येतंय मागनं. माती उकर." एवढंच. त्या "येतंय मागनं" वर मी कित्येक महिने जगलो. तिथे मी कुणालाही कधी चीत केलं नाही. चांगल्या पोरांना डाव घोटायला जो हलका गडी लागतो तो मी होतो, दिवसातून वीस वेळा माती खायचो. पण तिथे कोण कसा दिसतो यावर दिवस ठरत नव्हता. कोणाची पाठ मातीला लागली, यावर ठरायचा.

आणि कराडच्या पोराला पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितल्याशिवाय कुणी मोठा होऊ देत नाही. त्यांचं गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. 1952 सालचं हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. मला मात्र त्यातला एकच आकडा लागला होता. 57 किलो. खाशाबा त्या गटात लढले. त्याआधी 1948 ला लंडनला ते 52 किलोत होते. 52 किलो म्हणजे काय, तर आमच्याकडे गव्हाचं पोतं यापेक्षा जड असतं. असंही सांगतात, की कोल्हापूरच्या कॉलेजात त्यांची अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले. ही गोष्ट वडील मला हिंमत यावी म्हणून सांगायचे. मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, त्यांना कुस्ती येत होती हो. मला काय येतंय?

बारीक पोराला जिद्दीच्या गोष्टी सांगणं सोपं असतं.

माझ्या मावसभावाचं वेगळं झालं. तो खेड्यातला, पोलीस भरतीच्या मागे लागलेला. पहाटे चारला हायवेच्या कडेने धावणारी पोरं तुम्ही बघितली असतील, त्यांतला एक. उंची 165 सेंटीमीटर, छाती न फुगवता 79, फुगवून 5 सेंटीमीटर जास्त. हे आकडे त्याच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेले होते. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर तो टेप लावायचा. सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंच असतो, दिवस चढेल तसा मणका दबतो. म्हणून भरतीच्या दिवशी मैदानाच्या फाटकापर्यंत टेंपोत पाठीवर आडवं पडून जायचं, हे शास्त्र मला त्याने शिकवलं. छातीसाठी शिपायासमोर श्वास कसा कोंडायचा, याचा सराव तो आरशासमोर करायचा. डोळे बाहेर आलेले, मानेच्या शिरा तट्ट. पहिल्या खेपेला अर्ध्या सेंटीमीटरने गेला. परत आला तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने दारावरचे आकडे ओल्या फडक्याने पुसले. त्याच्या छातीला काही झालेलं नव्हतं, नोकरीपुरती ती अर्धा सेंटीमीटर कमी होती. पण त्यानंतर कितीतरी वर्षं, लग्नातसुद्धा, फोटो काढताना तो श्वास ओढून उभा राहायचा. अल्बममधल्या एकाही फोटोत त्याने श्वास सोडलेला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी देवघर आवरत होतो. आमच्याकडे रामपंचायतनाची पणजोबांच्या वेळची तसबीर आहे, रविवर्म्याच्या धाटणीची, कडेने वाळवी लागलेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्यातल्या रामाचं अंग बघितलं. गोल, मऊ, भरलेलं. दंडावर बाजूबंद आहे, पण दंड फुगलेला नाही. पोट सपाटही नाही, सुटलेलंही नाही, जेवलेल्या माणसाचं असतं तसं. शेजारी निनादचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि त्याच्या पडद्यावर शंकर होता. पोटावर सहा वड्या, मानेपासून खांद्यापर्यंत दोर वळल्यासारखे स्नायू, जटांपेक्षा शिरा जास्त. देवाचं पोट एवढं कापलेलं कधीपासून झालं? नटांची पोटं 2007-08 च्या सुमारास एकदम बदलली, हे आठवतंय. सिक्स पॅक हा शब्द तेव्हाच कराडच्या कट्ट्यावर आला, आणि पाठोपाठ भेळेच्या गाड्यांच्या रांगेत दोन जिम उघडल्या. त्यानंतर देवही मागे राहिले नसावेत.

त्या जिममध्ये मी अधूनमधून जातो, सुट्टीत आलो की. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे. पोरं आपापल्या दंडाकडे बघत उचलतात आणि दोन सेटच्या मध्ये फोन उभा करून शूट करतात. तिथे एक मुलगा आहे, विशीतला, रेड्यासारखा भक्कम, दंड माझ्या मांडीएवढा. तो भर मेमध्ये पूर्ण बाह्यांचं, टोपीवालं जर्किन घालून व्यायाम करतो. मी एकदा विचारलं, उकडत नाही का? म्हणाला, "अजून साइज आली नाही सर. बारीक दिसतोय." मी हसलो, तो हसला नाही. तो खरंच म्हणत होता. याला 1997 मध्ये हॅरिसन पोप नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मसल डिस्मॉर्फिया असं नाव दिलंय. स्नायूंनी भरलेल्या माणसाला आरशात स्वतः किडकिडीत दिसतो, तो अंग झाकतो, जेवण मोजतो, एक दिवस व्यायाम चुकला की कासावीस होतो. मला नावाशी घेणंदेणं नाही. मला त्याच्यात फ्लॅनेलचा शर्ट दिसला. मी बारीक होतो म्हणून एप्रिलमध्ये दोन शर्ट घालत होतो. याच्याजवळ ते सगळं आहे ज्यासाठी मी तेव्हा काहीही दिलं असतं, आणि उन्हाळ्यात अंग झाकून तोही बसलाय.

निनादने मला दिवाळीआधी एक मेसेज केला होता. "काका येताना पुण्यातून प्रोटीनचा डबा आणाल का, पप्पांना सांगू नका." खाली डब्याचा फोटो. मी किंमत बघितली, डोळे फिरले, आणि "बघतो" असं काकांचं नेहमीचं उत्तर पाठवलं. त्या डब्यांचं म्हणाल तर 2024 मध्ये आपल्याकडच्याच डॉक्टरांनी 36 डबे तपासले आणि त्यांतल्या साधारण सत्तर टक्क्यांवर लिहिलेली प्रथिनं आणि आतली प्रथिनं जुळत नव्हती. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) आहार मार्गदर्शनातही, शरीर कमवायला म्हणून या पावडरी घेऊ नका, असं स्पष्ट आलं. हे मी त्याला पाठवणार होतो. आईच्या कानावर अर्धवट गेलं तेव्हा तिने शेंगदाण्याच्या कुटाचा डबा पुढे सरकवला, आणि तशी ती चूक नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. पण मूठभर शेंगदाणे गूळ लावून खाणाऱ्या मुलाचं रील कोण बघणार! आणि मुळात त्याला हवी होती ती प्रथिनं नव्हतीच, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच आलं. माझा शाळेतला एक मित्र इथेच मुलांचा डॉक्टर आहे, तो फराळाला आला होता. गच्चीवर चहा घेताना मी, नाव न घेता, चिमटीत शर्ट ओढणाऱ्या एका मुलाबद्दल विचारलं. तो करंजी मोडता मोडता थांबलासुद्धा नाही. "छाती वाढलीय त्याची. किती, तेरा-चौदा का? अर्ध्याहून जास्त पोरांना होतं रे ह्या वयात. हार्मोन मागंपुढं होतात, छातीत गाठीसारखं येतं, जरा दुखतं, वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. शंभरातल्या नव्वदांना काही करायला लागत नाही." मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त? मग आपल्या वर्गात? तो म्हणाला, "असणारच की. तू बघितलंस का कुणाचं? कोण दाखवतंय?" मग जरा वेळाने म्हणाला, "माझ्याकडं येतात ना, तेव्हा आई बोलती आणि पोरगं फरशी बघतं. आईला आधी बाहेर बसवायला लागतं. मग शर्ट. आणि त्यातली निम्मी पोरं आल्या आल्या सांगतात, डॉक्टर, मी मुलगी होत नाही ना?"

हे सगळं या वयाचं वेळापत्रकच आहे म्हणे. आधी तळपाय आणि पंजे वाढतात, मग तंगड्या, मग उंची, आणि दंडाबिंडात ताकद भरते ती सगळ्यात शेवटी, उंचीच्या मागून वर्षभराने. म्हणजे चौदाव्या वर्षी पोरगं आरशासमोर जे शोधतं ते अजून निघालेलंच नसतं. वस्तादांना हे कुठल्या पुस्तकातून कळलं असणं शक्य नाही, तरी ते बरोबर बोलले होते.

इथपर्यंत मी मित्राचं ऐकत होतो आणि मनातून दादावर चिडत होतो. मुलगी आहेस का म्हणे. त्या मुलाला नेमकी तीच भीती असेल आणि बाप तेच बोलतो. रात्री गाद्या घालताना हे मी वहिनीला सांगितलं, जरा तोऱ्यातच. वहिनी उशीला अभ्रा घालत होती. ती म्हणाली, "त्याचं ते गणपतीपासून चाललंय, भावजी."

गणपतीपासून.

मग मला आठवलं. गणपती बसवायचा मान गेल्या वर्षी पहिल्यांदा निनादला दिला होता. सोवळं नेसून, उघड्या अंगाने, खांद्यावर उपरणं घेऊन तो चौरंगापाशी बसला होता, गुरुजी सांगतील तसं पळीने पाणी सोडत होता. समोर सगळं घर, शेजारचे चौघे, आत्या, तिची मुलं, त्यातली एक त्याच्याच वयाची मुलगी. आरतीची तयारी चालली होती आणि मी, पुण्याहून नुकताच आलेला, सगळ्यांना हसवणारा काका, निरांजन लावता लावता म्हणालो होतो, "काय रे, छाती भलतीच सुटली की तुझी! मोदक बंद, उद्यापासून रोज शंभर जोर." घरभर हसू उसळलं. आई हसली. तोही हसला. मी मोबाइलवर फोटोही काढला होता. गच्चीवर जाऊन तो फोटो शोधला. त्यात तो हसतोच आहे. पण त्याच्या आधीच्या फोटोत उपरणं खांद्यावर घडी घातलेलं आहे, आणि या फोटोत ते दोन्ही बाजूंनी छातीवर ओढून, टोकं हाताखाली दाबून धरलेली आहेत.

मुलीला जाड म्हणायचं नाही, हे आमचं घर शिकलंय. ते आम्हाला निनादच्या थोरल्या बहिणीने शिकवलं, जेवण टाकून आणि दार आपटून. निनादने दार आपटलं नव्हतं, तो आमच्याबरोबर हसला होता. मीही हसायचो की. पाप्याचं पितर म्हटलं की मी सगळ्यात मोठ्याने हसायचो. ते मला विसरायला तेहतीस वर्षं पुरली होती.

त्याच्याशी बोलावं असं रात्रभर वाटत राहिलं. वाक्यं जुळवली. सॉरी म्हणावं तर ती गोष्ट परत उघड्यावर येणार; डॉक्टरांचं सांगावं तर काकांनी माझ्या छातीबद्दल गावभर चौकशी केली असं होणार. सकाळपर्यंत सगळी वाक्यं बाद झाली. शेवटी मित्राने लिहून दिलेल्या चार ओळी मी त्याला मोबाइलवर पाठवल्या, "हे मला माझ्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं" एवढंच वर लिहून. ते अगदी खरं नव्हतं, माझा त्रास वेगळा होता. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पाडव्याला आमच्याकडे पुन्हा तेल असतं. त्या दिवशी दादाला वहिनी लावते, बाकीच्यांचं आपापलं, घाई नसते. मी सोप्यात बसून बंबात लाकूड सारत होतो. निनाद वाटी घेऊन गेला, दार लावलं. कडी मात्र वाजली नाही. आतून तांब्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग दार चारेक बोटं उघडलं आणि त्यातून नुसता हात बाहेर आला, हातात वाटी.

"काका, पाठीला पोचत नाही."

मी आत गेलो. न्हाणीत वाफ, साबणाचा चंदनी वास, मोरीवर पिवळा बल्ब. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. बनियन काढलेलं नव्हतं. मागून गुंडाळून खांद्यापर्यंत वर घेतलं होतं आणि पुढून दोन्ही मुठींनी घट्ट खाली धरलेलं होतं. पाठ लांब झालीय त्याची. मणके वर आलेत, डाव्या खांद्याखाली लहानपणी सायकलवरून पडला तेव्हाची खूण अजून आहे. माझ्या तोंडावर आलं होतं, काय पाठ झालीय रे मर्दा, पुढच्या वर्षी दादाला मागं टाकशील. मी ते गिळलं. तेल हातावर चोळलं आणि मानेपासून खाली, खालून वर, लहानपणी आई लावायची तसं लावत गेलो. त्याचे खांदे कानापर्यंत चढलेले होते. कातडी इतकी कोरडी होती की तेल पडताच दिसेनासं होत होतं.

"झालं?"

"थांब," मी म्हटलं. "अजून थोडं लागेल."